कृष्णकांतचा सत्कार

आयरिश माणसाला ब्रिटिश म्हणू नये, एवढी साधी गोष्ट मस्कतमध्ये इतकी वर्षं काढूनही दयानंद महाडिकला ठाऊक नव्हती. नसणारच. आपल्याकडे गोरा दिसला आणि इंग्रजी बोलला की तो इंग्रज, खलास. त्यामुळे कुरुमच्या ऑफिसात हेगार्टी नावाचा नवा इंजिनियर आला, तेव्हा दयानंदने अगदी अदबीने विचारलं, "सर, तुम्ही ब्रिटनमध्ये कुठले?"

हेगार्टीने हातातला कप टेबलावर ठेवला. "मी ब्रिटनमधला कुठलाच नाही. मी कॉर्कचा. आयर्लंड. तुम्हाला त्यांनी दीडशे-दोनशे वर्षं छळलं ना? आम्हाला सातशे." आणि पलीकडच्या काचेच्या केबिनमध्ये बसलेल्या विटकम साहेबाकडे, म्हणजे खऱ्याखुऱ्या इंग्रजाकडे, त्याने असा काही तिरका कटाक्ष टाकला की दयानंदला हसू आवरेना.

तिथून दोघांचं गूळपीठ जमलं. दयानंद ड्राफ्ट्समन, पाण्याच्या पाइपलाइनचे नकाशे काढायचा. हेगार्टी ते तपासायचा. दुपारी डबा खायला दोघं एकाच टेबलावर. हेगार्टीला दयानंदच्या बायकोच्या, प्रभावतीच्या, हातची सुक्या जवळ्याची चटणी आवडायची, नाकाडोळ्यांतून पाणी काढत खायचा आणि खाताखाता त्याच्या देशाच्या गोष्टी सांगायचा. दयानंदला इतिहासाची फारशी गोडी नव्हती, पण हेगार्टी सांगायचाच असा की माणूस हातातली पोळी विसरावा.

एके दिवशी त्याने रॉजर केसमेंटची गोष्ट सांगितली. हा केसमेंट आधी इंग्रज सरकारच्याच नोकरीतला, सर ही पदवी मिळालेला. पहिलं महायुद्ध पेटल्यावर तो सरळ बर्लिनला गेला. इंग्रजांच्या फौजेतले आयरिश शिपाई जर्मनांच्या कैदेत होते, त्यांना म्हणाला, वर्दी बदला आणि आपल्या देशासाठी लढा. पन्नास-पंचावन्न जण तयार झाले, बाकीच्यांनी त्याला हुसकावून लावलं. पुढे जर्मनांनी बंदुकांनी भरलेलं जहाज आयर्लंडकडे पाठवलं. इंग्रजांनी ते गाठलं, तेव्हा खलाशांनी ते स्वतःच बुडवलं. केसमेंट पाणबुडीतून केरीच्या किनाऱ्यावर उतरला, तिथेच पकडला गेला आणि लंडनला फासावर गेला.

"माझे आजोबा त्या बंदुकांची वाट बघत किनाऱ्यावर थांबलेल्या पोरांत होते," हेगार्टी म्हणाला, आणि विटकम साहेबाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाला.

"आमच्या नेताजींनी पण अगदी हेच केलं, सर! तेही बर्लिनला गेले, कैद्यांमधून फौज उभी केली."

"मला माहीत आहे. तुमच्या घरातलं कुणी होतं का त्यात?"

आता इथे दयानंदने 'नाही' म्हणायचं होतं. दोन अक्षरी शब्द, काय जड होता? पण समोर तो छाती फुगवून बसलेला हेगार्टी, शेजारच्या टेबलावर हिशेब खात्यातला रविकांत कान टवकारून बसलेला, आणि दयानंदच्या तोंडून निघून गेलं, "माझे वडील."

साफ खोटंही नव्हतं ते, आणि म्हणूनच ते इतकं सहज निघालं. दयानंदचे अप्पा, म्हणजे जनार्दन महाडिक, मराठा पलटणीत शिपाई होते. टोब्रूक पडलं तेव्हा पकडले गेले, इटलीमार्गे जर्मनीत कैदेत गेले, हे सगळं खरं. नेताजींची माणसं त्यांच्या छावणीत आली होती, हेही खरं. फक्त अप्पांनी त्यांना नाही म्हटलं होतं. ते इंग्रजांचे शिपाई होते आणि इंग्रजांचेच राहिले. युद्ध संपल्यावर कैदेतून सुटले, गावी आले आणि नांगर धरला.

गावात त्यांना कुणी वाळीत टाकलं नाही, पण डोक्यावरही घेतलं नाही. दयानंदच्या शाळेत पंधरा ऑगस्टला बेचाळीसच्या चळवळीत तुरुंगात गेलेल्या हेडमास्तरांना खुर्ची असायची, हार असायचा. अप्पा कुंपणापाशी बाकीच्या गर्दीत उभे राहायचे आणि झेंडा वर गेला की सगळ्यांत कडक सलाम तेच ठोकायचे. पोरं त्यावर फिदीफिदी हसायची. "दयाचा बाप इंग्रजांचा शिपाई!" म्हणून चिडवायची. दयानंद घरी येऊन आईवर ओरडायचा, "अप्पांना सांग, येऊ नका शाळेत." आई सांगायची की नाही कोण जाणे, अप्पा दरवर्षी यायचे.

रविकांतच्या पोटात तीळ भिजत नाही, आणि त्यातून तो मराठी मंडळाचा सेक्रेटरी. ते साल होतं सत्त्याण्णव, स्वातंत्र्याची पन्नाशी. पंधरा ऑगस्ट नेमका शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी आला होता, आणि मंडळाला सत्कारमूर्ती मिळत नव्हता. आपल्या मंडळांचं तुम्हाला माहीतच आहे. नाटक असो, हळदीकुंकू असो, कुणाच्या तरी खांद्यावर शाल घालून हातात नारळ दिल्याशिवाय कार्यक्रम झाला असं वाटतच नाही. आणि इथे तर जुलैच्या सुट्टीत गावी गेलेला दयानंद येताना अप्पांना व्हिजिट व्हिसावर मस्कतला, रुवीतल्या आपल्या घरी घेऊन आलेला. रविकांतला म्हणजे घरबसल्या देव पावला.

तो मिठाईचा डबा घेऊन संध्याकाळी दयानंदच्या फ्लॅटवर हजर झाला. अप्पा खिडकीतल्या एसीपुढे लेंगा-बंडीत बसले होते, शेजारी त्यांची बारा वर्षांची नात उर्वी. या दोघांची गट्टी भलतीच. तिचं मराठी अडखळत, त्यांचं इंग्रजी पलटणीतलं, तरी दिवसभर दोघांची तोंडं चालू असायची.

रविकांत वाकून अप्पांच्या पाया पडला. "अप्पा, तुम्ही नेताजींच्या फौजेत होतात आणि आम्हाला पत्ता नाही! परिचयासाठी थोडं सांगा ना. नेताजींना जवळून पाहिलंत?"

अप्पांनी रविकांतकडे पाहिलं, मग दयानंदकडे. दयानंद भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागला. त्याला वाटलं, आता अप्पा बोलणार आणि आपली अब्रू इथल्या इथे, या गालिच्यावर सांडणार.

"माझ्या मुलाला विचारा," अप्पा सावकाश म्हणाले. "त्याला सगळं ठाऊक आहे."

रविकांत गेल्यावर प्रभावतीने चहाचे कप आपटतच गोळा केले. "अहो, म्हाताऱ्या माणसाला हे काय लावलंत तुम्ही? आजच्या आज फोन करून नाही म्हणून सांगा."

"आता कसं सांगू? हेगार्टीला पाहुणा म्हणून बोलावलंय त्यांनी. सगळ्या ऑफिसात शोभा होईल."

"मग बापाची झाली तरी चालेल?"

दयानंद अप्पांपाशी जाऊन खाली बसला. "अप्पा, चुकलं माझं. पण एवढी वेळ सांभाळून घ्या. काही बोलायचं नाही, नुसती शाल घ्यायची, नमस्कार करायचा आणि खाली यायचं."

"दयानंदा, मी गेलो नव्हतो रे," अप्पा म्हणाले. त्यात राग नव्हता, आणि त्यानेच दयानंद जास्त वरमला. "गेला तो कृष्णकांत. पलीकडच्या गावचा. आम्ही एकाच दिवशी भरती झालो, एकाच खड्ड्यात पकडलो गेलो. ती माणसं छावणीत आली, म्हणाली, देशासाठी चला. कृष्णकांत तिथल्या तिथे उठला. मला म्हणाला, ऊठ जना."

"मग तुम्ही का नाही उठलात?" हा प्रश्न दयानंदने आयुष्यात पहिल्यांदा विचारला.

"भरती होताना एक कसम खाल्ली होती. दुसरी खायची, तर तिच्यात हिटलरचंही नाव घ्यायचं होतं. मला वाटलं, हा गोरा नि तो गोरा, आपण कितींदा कसमा खायच्या? कदाचित भ्यालोही असेन. इतक्या वर्षांनी कुणाला सांगता येतंय? पण कृष्णकांत गेला आणि परत आला नाही. तिकडे फ्रान्सात मेला. त्याच्या बरोबरचा एक जण सुटून आला, त्याने मला सगळं सांगितलं. तर सत्कार त्याचा आहे. तो मी कसा घ्यायचा, सांग."

उर्वी मांडी घालून ऐकत होती. दयानंदला ते तेव्हा जाणवलं आणि तो एकदम खेकसला, "उर्वी, अभ्यास नाही का तुला?" मग अप्पांचा हात धरून म्हणाला, "अप्पा, फक्त एकदा. माझ्यासाठी."

"बरं," अप्पा म्हणाले.

शुक्रवारी संध्याकाळी तिथल्या भारतीय शाळेचा हॉल गच्च भरला. बायका जरीच्या साड्यांत, पुरुष झब्ब्यांत, बाहेर ऑगस्टची आग आणि आत एसीचा गारठा. पोरांनी देशभक्तीची गाणी म्हटली, त्यातले 'ळ' सगळे 'ल' झाले, तरी आयांनी डोळे पुसले. पहिल्या रांगेत टाय लावलेला हेगार्टी बसला होता. त्याच्या शेजारी दयानंद, स्टेजवरचं मराठी त्याच्या कानात इंग्रजीत सांगायला. त्यांच्या मागच्या रांगेत उर्वी.

रविकांतने माइक हातात घेतला आणि अप्पांचा परिचय सुरू केला. देवा रे देवा! दयानंदने त्याला चार वाक्यं सांगितली होती, त्याची रविकांतने चाळीस केली होती. नेताजींच्या खांद्याला खांदा लावून लढलेले! हिटलरच्या डोळ्याला डोळा भिडवलेले! "आणि या सिंहाने आयुष्यात कधी या त्यागाची वाच्यता केली नाही!" हॉल टाळ्यांनी दणाणला. स्टेजवर खुर्चीत अप्पा मान खाली घालून बसले होते. लोकांना तो विनय वाटला.

शाल घातली गेली. नारळ हातात दिला गेला. दयानंदने सुस्कारा सोडला. झालं, आता उतरा अप्पा, उतरा. पण रविकांतने माइक त्यांच्या तोंडापुढे धरला. "अप्पा, दोन शब्द!"

अप्पा उठले. आपल्याला उभं राहून बोलायचं आहे म्हटल्यावर त्यांची पाठ आपोआप ताठ झाली.

"आमच्या गावाला नदी आहे," अप्पा म्हणाले. "पावसात दोन्ही काठ धरून वाहते. मी तिच्यात पोहायला शिकलो."

दयानंदने हेगार्टीच्या कानात तसं सांगितलं आणि सांगतासांगताच त्याला कळलं. महाडिकांच्या गावाला नदी नाही. एक ओहोळ आहे, तोही शिमग्यात आटतो. नदी पलीकडच्या गावाला आहे. अप्पा कृष्णकांत होऊन बोलत होते.

"आई मला जाऊ देत नव्हती. मी पळून भरती झालो. जर्मनांच्या छावणीत नेताजींची माणसं आली, तेव्हा माझ्या बरोबरीचा एक मित्र होता. मी त्याला म्हटलं, ऊठ. तो उठला नाही. मला त्याचा राग आला नाही. मी पाठ फिरवून गेलो. आम्हाला नवी वर्दी दिली, दंडावर तिरंगा आणि त्यावर झेप घेणारा वाघ. तो वाघ मी स्वतः शिवला, सुई बोटात गेली. हॉलंडच्या समुद्रावर ठेवलं होतं आम्हाला. तिथला वारा हाडात जायचा. मला गावची भाकरी आठवायची. मग फ्रान्सात नेलं. मग सगळं कोसळायला लागलं. जर्मन मागे हटायला लागले, आम्ही त्यांच्याबरोबर चालत निघालो. आपला देश किती लांब, आणि आम्ही चाललोय उलट्याच दिशेने. वाटेत एक खेडं लागलं. दुपार होती. मी पाणी प्यायला विहिरीपाशी गेलो..."

अप्पा थांबले. अप्पांनी तोंड उघडलं, मिटलं. पुढचं त्यांना सांगता येईना, कारण पुढे कृष्णकांत मेला होता, आणि बोलणारे अप्पा मात्र जिवंत उभे होते.

"काय झालं?" हेगार्टीने कुजबुजत विचारलं.

"जय हिंद," अप्पा म्हणाले, आणि सलाम ठोकून खाली बसले.

सगळा हॉल उभा राहिला. बायका रडत होत्या. हेगार्टी टाळ्या वाजवत होता आणि त्याचे डोळे लाल झाले होते. दयानंदही उभा राहिला, सगळेच उभे होते म्हणून, आणि त्याला इतकं मेल्याहून मेल्यासारखं झालं की मागे वळून बघायचा धीर होईना. मागे उर्वी टाळ्या न वाजवता खुर्चीत बसून होती.

कार्यक्रम संपेपर्यंत मगरिबची, सूर्यास्ताची, अजान होऊन गेली होती. प्रभावती बायकांबरोबर ताटं आवरायला थांबली, ती मागाहून त्यांच्याच गाडीतून येणार होती. दयानंद अप्पांना आणि उर्वीला घेऊन पार्किंगमध्ये आला, तर हेगार्टी गाडीपाशीच उभा. टाय सोडून त्याने खिशात कोंबला होता.

"मला तुझ्या वडिलांशी बोलायचंय," तो म्हणाला. "तू सांगशील ना त्यांना?"

"सांगतो ना, सर."

हेगार्टी अप्पांकडे बघून बोलायला लागला, थांबतथांबत, दयानंदला वेळ देत. "मी ऑफिसात सगळ्यांना सांगतो की माझे आजोबा बंदुकांच्या जहाजाची वाट बघत होते. ते खोटं आहे. माझे आजोबा इंग्रजांच्या फौजेत होते. मन्स्टर नावाच्या आयरिश पलटणीत, फ्रान्समध्ये. डब्लिनमध्ये इंग्रजांविरुद्ध उठाव झाला, तेव्हा ते खंदकात जर्मनांचा विषारी वायू खात होते. एके सकाळी समोरच्या जर्मनांनी खंदकावर पाटी उभी केली. इंग्रजीत लिहिलं होतं, आयरिश लोकहो, तिकडे इंग्रज तोफा तुमच्या बायकामुलांवर डागताहेत. आजोबांनी ती वाचली. आणि ते तिथेच राहिले. परत आले, तेव्हा गावात त्यांच्याशी कुणी धड बोललं नाही. माझ्या बापाने त्यांची मेडल्स लपवली आणि आम्हा पोरांना दुसरीच गोष्ट शिकवली. आजोबा त्याच टेबलावर बसून ती ऐकायचे. मला जन्मभर त्यांची लाज वाटत आलीय. आज तुमचं ऐकून ती जास्तच वाटली."

दयानंद एकेक वाक्य मराठीत सांगत गेला. शेवटची दोनही त्याने गाळली नाहीत. पार्किंगच्या दिव्याखाली अप्पा खांद्यावरची शाल धरून ऐकत होते. दयानंदच्या मनात एकच चाललं होतं: हा माणूस खरं बोलला. आत्ता फक्त एवढंच म्हणायचं, सर, मीही खोटं बोललो, माझे वडीलही तिथेच राहिले. याच्याहून सोपी वेळ आयुष्यात येणार नाही. बोल ना! तोंडात काय खिळे ठोकलेत?

अप्पा एक पाऊल पुढे आले. त्यांनी हेगार्टीचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"त्यांना सांग, दयानंदा," ते म्हणाले. "सांग, मलाही असंच विचारलं होतं. मीही तिथेच राहिलो. मी जे बोललो ते माझ्या मित्राचं होतं. आणि सांग की आजोबांची लाज धरू नका. वाचून तिथे उभं राहायचं सोपं नसतं, ते ज्याचं त्याला माहीत."

हेगार्टी दयानंदकडे बघू लागला. उर्वीही बघू लागली. पलीकडून रविकांत मंडळाच्या अध्यक्षांना घेऊन हसत याच बाजूला येत होता.

"वडील म्हणतात," दयानंद इंग्रजीत म्हणाला, "देव तुमचं भलं करो. म्हणतात की देशासाठी त्यांनी केलं ते काहीच नाही."

हेगार्टीने अप्पांचा हात कपाळाला लावला. गोरा माणूस असं करताना दयानंदने कधी पाहिलं नव्हतं. मग तो आपल्या गाडीकडे गेला. अप्पा त्याच्या पाठीकडे बघत राहिले. पलटणीतलं का असेना, अप्पांना इंग्रजी येत होतं. गॉड म्हणजे काय आणि कंट्री म्हणजे काय, एवढं त्यांना कळत होतं, आणि आपण त्यातलं काहीच बोललो नाही हेही.

गाडीत उर्वी अप्पांजवळ मागे बसली. रुवीच्या वाटेला लागल्यावर ती म्हणाली, "बाबा, तुम्ही अंकलना राँग सांगितलं. आजोबा ते नाही बोलले."

दयानंदने आरशात पाहिलं नाही. त्याला वाटलं, आता अप्पांनी मागून एक सणसणीत ठेवून द्यावी. लहानपणी मारायचे तशी, कानाखाली, म्हणजे निदान काहीतरी फिटेल.

"नाही गं," अप्पा म्हणाले. "तुझ्या बाबाने बरोबरच सांगितलं. माझंच बोलणं तोंडातल्या तोंडात झालं असेल. दात नाहीत ना."

उर्वी काही कुक्कुलं बाळ नव्हती. आजोबा खोटं बोलले हे तिला कळलं, आणि कुणाला वाचवायला बोलले तेही कळलं, आणि तिला कळलंय हे पुढे बसलेल्या दयानंदला कळलं. दुसरी कसम नको म्हणून ज्या माणसाने आख्खं आयुष्य कुंपणापाशी उभं राहून काढलं, त्याला एका संध्याकाळी आपण दोनदा खोटं बोलायला लावलं.

"अप्पा," दयानंद म्हणाला, "शनिवारी ऑफिसात सांगतो मी त्यांना. सगळं खरं सांगतो."

"सांग," अप्पा म्हणाले. मी मोठा झालो की तुम्हाला विमान घेऊन देईन असं पोराने म्हटल्यावर आपण 'हो, दे' म्हणतो ना, तसं ते म्हणाले.

शनिवारी त्याने सांगितलं नाही. विटकम साहेब केबिनमध्ये होता म्हणून नाही. रविवारी जर्मन कंपनीचे लोक पंप दाखवायला आले होते म्हणून नाही. पुढे अप्पांचा व्हिसा संपला, ते गावी गेले, आणि मग आता सांगून काय उपयोग म्हणून नाही. माणसाला बोलायचं नसलं की कारणं कशी रांगेत येऊन उभी राहतात!

हेगार्टी दोन वर्षांनी ओमान सोडून निघाला. त्याच्या निरोपाच्या जेवणाला सगळं ऑफिस जमलं होतं. भाषणात तो म्हणाला, या देशात मी खूप कमावलं, पण सगळ्यांत मोठी कमाई म्हणजे एका भारतीय म्हाताऱ्याचा हात हातात आला ती. आणि त्याने सगळी गोष्ट सांगितली, नदीपासून विहिरीपर्यंत. "त्या माणसापुढे," तो म्हणाला, "माझे आजोबा कोणीच नव्हते."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. रविकांतने कोपराने ढोसलं तसं दयानंदनेही वाजवल्या.